एकवीस पायऱ्यांची नोंदवही

भोपाळात तुम्ही भालचंद्र पांढरीपांडे कुठे राहतात असं विचारलंत तर चार माणसं खांदे उडवतील. 'तलाववाले पांडेजी' म्हणा, लगेच घरापर्यंत आणून सोडतील. नागपूरच्या बाहेर हे आडनाव कोणाच्या जिभेवर धड बसत नाही. छप्पन साली नवं राज्य झालं, नागपूरची सरकारी कचेरी उठून भोपाळला आली आणि कारकुनांच्या बिऱ्हाडांबरोबर दोन वर्षांचे भालचंद्रही आईच्या मांडीवर बसून आले. शाळेतल्या पहिल्याच मास्तरांनी आडनावाचा पुढचा भाग कापून टाकला. काही वर्षं भालचंद्ररावांनी नेटाने सुधारून पाहिलं, मग दमले आणि पांडेजी झाले.

'तलाववाले' मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. पाणीपुरवठ्याच्या खात्यात चौतीस वर्षं ते बड्या तलावाची पातळी वाचायच्या कामावर होते. काठाजवळ पाण्यात एक रंगवलेली पट्टी उभी असे. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून सकाळी सायकल काढायची, सहाला पट्टीसमोर उभं राहायचं, पाणी कुठे टेकलंय ते बघायचं आणि शाईच्या पेनाने नोंदवहीत आकडा चढवायचा. तारीख, वेळ, पातळी, वाचणाऱ्याची सही आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक 'निरंक' असे, कारण तलावात रोज रोज सांगण्यासारखं काय घडणार? पण सोळाशे सहासष्ट पॉइंट ऐंशी फूट म्हणजे तलाव काठोकाठ, हे भोपाळातलं शेंबडं पोरही सांगतं. श्रावण लागला की दूधवाला, पेपरवाला, फिरायला आलेले म्हातारे, सगळे या माणसाला अडवायचे, "पांडेजी, आज कित्ता चढ़ा?" वहीत लिहून होईपर्यंत पांडेजी कोणाला आकडा सांगत नसत. सांगताना जरा छाती पुढे येई, जणू पाणी यांनीच ओतलंय.

नियम एकच होता आणि तो त्यांचा स्वतःचाच होता. जागेवर उभं राहून पाहिलं तेच लिहायचं. न पाहिलेलं लिहायचं नाही आणि पाहिलेलंही मागाहून आठवून लिहायचं नाही. एकदा ते तापाने पडले असताना अमोल नावाच्या नव्या सहकाऱ्याने दोन दिवसांचे आकडे घरी बसून अंदाजाने भरले. आकडे तसे बरोबरच असावेत, उन्हाळ्यात तलाव जातो कुठे? पण भालचंद्ररावांनी उठल्यावर त्यावर लाल रेघ मारली, 'नोंद नाही' असं लिहिलं आणि महिनाभर अमोलशी अबोला धरला. बिचाऱ्या अमोलने बदली मागून घेतली.

या तलावापायी घरात बेचाळीस वर्षं एक भांडण चालू होतं. तसं गोडीतलंच, पण संपत नव्हतं.

शालिनीताई कोकणातल्या. रत्नागिरीपासून तासाभरावर खाडीच्या तोंडाशी जांभगड म्हणून एक लहानसं गाव आहे, वर तेवढाच लहानसा किल्ला, तिथल्या. वडील लवकर गेले. मामा भोपाळच्या कारखान्यात फिटर होते, त्यांनी भाचीला आणलं आणि इथेच उजवलं. त्यामुळे जावईबापूंना सासुरवाडी बघायचा योगच आला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी भालचंद्ररावांनी बायकोला सायकलवर डबलसीट घेतलं, तलावाच्या काठी नेलं आणि हात पसरून म्हणाले, "बघ. हा आमचा समुद्र."

शालिनीताईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "छान आहे हो. पण हा कुठे जात नाही."

"जाईल कुठे? तलाव आहे तो."

"तेच म्हणते. बसून आहे नुसता."

हे त्यांनी मनाला लावून घेतलं. पुढे बायको समुद्राबद्दल काही बोलली की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "अगं, पाणी ते पाणी. तिकडचं खारट, एवढाच काय तो फरक." माहेरी जायचं म्हटलं की पावसाळ्यात पातळी चढती असे म्हणून रजा नाही, उन्हाळ्यात उतरती असे म्हणून नाही. शालिनीताई एकट्याच दोनदा जाऊन आल्या. मग आई गेली, भाऊ घर विकून पनवेलला गेला आणि जायचं कारणच उरलं नाही. तन्वीचा जन्म झाला तो दिवस ऑगस्टचा, तलाव भरायला चार बोटं कमी. भालचंद्रराव आधी पट्टी वाचून आले आणि मग दवाखान्यात गेले. लेकीचं तोंड बघितल्यावर पहिलं वाक्य बोलले, "आज दोन इंच चढलं." शालिनीताई हे हसत हसत सगळ्यांना सांगत. पण सांगायचं कधी विसरत नसत, हेही लक्षात घ्या.

निवृत्त होऊन आता दहा-अकरा वर्षं झाली. अरेरा कॉलोनीच्या मागच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. लिफ्ट नाही. दिवाळीनंतर शालिनीताईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं वर्षभरात करायचं ठरलं आणि जिन्याची उतरण बंद झाली. खिडकीतून दिसायला समोरच्यांची पाण्याची टाकी तेवढी. भालचंद्रराव दिवसभर त्यांच्यापाशी बसून पेपर वाचून दाखवत आणि मधूनमधून, सवयीने, तलावाची पातळी सांगत.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी अशीच पातळी सांगितली. शालिनीताईंनी चष्मा काढला.

"अहो, माझं एक काम कराल?"

"बोल की."

"जांभगडला जा. धक्क्याला एकवीस पायऱ्या आहेत. दिवसभर तिथे बसा आणि सहापासून सहापर्यंत दर तासाला पाणी लिहून आणा. वरून किती पायऱ्या कोरड्या, एवढंच. चौतीस वर्षं सरकारसाठी लिहिलंत, एक दिवस माझ्यासाठी लिहा."

तन्वी स्वयंपाकघरातून डोकावली. ती बँकेत आहे, जवळच राहते आणि आईच्या ऑपरेशनपासून रोज येते. म्हणाली, "बाबा, सीरियसली जा ना. मी रुकते इथे आठ दिवस. आईला मी बघते."

"अगं, पण लिहून काय करायचंय?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"मी वाचीन," शालिनीताई म्हणाल्या. "मला आता जाणं काही होत नाही. वाचता तरी येईल. पण एकही नोंद चुकवायची नाही हं. मला सगळा दिवस हवाय."

"कामावर असताना चौतीस वर्षांत एक चुकवली नाही मी!" म्हातारा एकदम ताठ झाला. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी त्यांना त्यांचं काम सांगितलं होतं.

दिवस शालिनीताईंनीच ठरवला. भिंतीवरचं कॅलेंडर मागवून घेतलं आणि बोट ठेवलं माघी पौर्णिमेवर. "पौर्णिमेला उधाण असतं. अष्टमीच्या सुस्त भरतीत तुम्हाला काही कळायचं नाही." भालचंद्ररावांनी कपाटातून खात्याची एक कोरी नोंदवही काढली. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणली होती. आठवणच ती, चोरी म्हणू नका. पेनात निळी शाई भरली आणि दुपारच्या मंगला एक्सप्रेसमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरीत उतरले तो वास आधी आला. मीठ, मासळी, डिझेल आणि आंब्याच्या मोहोराचा, सगळा एकत्र. हातात वेळ होता म्हणून रिक्षा करून मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले. शेकडो बोटी एकमेकींना खेटून उभ्या, रंगीत झेंडे, बर्फाचे चुरे टोपल्यांत ओतले जाताहेत, बायका एका हाताने मासे निवडताहेत आणि दुसऱ्याने मांजरं हाकलताहेत. भालचंद्ररावांनी एकीला अदबीने विचारलं, "ताई, इथलं पाणी मोजायची पट्टी कुठे लागलेली आहे?"

"क्या चाहिए, अंकल?" बाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा मराठीतच विचारलं. तिने पुन्हा हिंदीतच उत्तर दिलं, वर कोलंबीचा भाव सांगितला. पुढे चहावाल्याने तेच केलं, रिक्षावाल्यानेही. भोपाळात जन्मभर मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला महाराष्ट्रात येऊन हे ऐकावं लागलं, आणि ते चांगलंच झोंबलं. तिथे पांडेजी, इथे अंकल. "मी मराठीच आहे ना भाई," असं ते रिक्षावाल्याला म्हणाले आणि त्या 'भाई'मुळे उरलीसुरली खात्रीही गेली.

बंदराबाहेरचा समुद्र त्यांनी जेट्टीवरून पाहिला. मोठा होता, यात वाद नाही. पण पातळी वाचणाऱ्याच्या नजरेला तिथे काही टेकू सापडेना. नुसतं हलणारं पाणी, त्याचा आकडा काय काढणार? "ठीक आहे," ते स्वतःशी म्हणाले आणि जांभगडची बस पकडली.

जांभगडात प्रतिभाताई म्हणून एक पन्नाशीच्या बाई धक्क्याशेजारी चहाचं दुकान चालवत. दुकानावरच्या खोलीत त्या पाहुणे ठेवत. आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या, "पांढरीपांडे? म्हंजे नागपूरकडचे तुम्ही." अख्खं आडनाव, एकही अक्षर न गाळता. भालचंद्ररावांना ही बाई तिथल्या तिथे आवडली.

संध्याकाळी त्यांनी धक्का बघून घेतला. जुन्या घडीव दगडाच्या पायऱ्या, वरच्या तीन सिमेंटने सारवलेल्या. बाजूला कौलारू जकात चौकी, आता तिच्यात जाळी ठेवतात. जमिनीत अर्धी पुरलेली एक तोफ, तिला होड्यांचे दोर बांधलेले. तिच्या तोंडात कोणीतरी तुळशीचं रोप लावलं होतं. इतिहास या गावात असा कामाला जुंपलेला होता.

माघी पौर्णिमेच्या सकाळी पावणेसहाला ते पायऱ्यांवर हजर झाले. अजून उजाडलं नव्हतं, पण पश्चिमेला चंद्र खाली आला होता आणि पायरी न् पायरी दिसत होती. त्यांनी वरून मोजायला सुरुवात केली. एकोणीस पायऱ्या कोरड्या. खालच्या दोन पाण्यात. वहीत रकाने आदल्या रात्रीच आखून ठेवले होते. लिहिलं: सहा, एकोणीस, सही, निरंक. हात अजून थरथरत नव्हता याचं त्यांना समाधान वाटलं.

सातला अठरा. एका तासात एक पायरी! भोपाळात एवढं चढायला भर पावसाळ्यात दिवस लागतो आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोलणं होतं. भालचंद्ररावांनी भुवया उंचावल्या, आकडा चढवला आणि डोक्यात हिशेब केला. तासाला एक पायरी, म्हणजे आठला सतरा, नऊला सोळा. पाण्यापासून तीन पायऱ्या वर कापडी पिशवी ठेवली तर तीन तासांची निश्चिंती. खात्यात ते दोन तासांवर कधी विसंबले नसते, तीन म्हणजे चैनच. पिशवीत नोंदवही होती, पेन, फोन, पाण्याची बाटली आणि शालिनीताईंनी दिलेला लाडवांचा डबा. ती पंधराव्या पायरीवर भिंतीला टेकवून ते किल्ल्याकडे निघाले. आठच्या आत परत यायचं होतं. चढण दहा मिनिटांची.

किल्ला म्हणजे सहा बुरूज आणि मधे गवत. दरवाजाशी शेंदूर फासलेला मारुती. पश्चिमेच्या तटावर ते टेकले आणि खाली बघितलं, आणि तिथे त्यांची गोष्ट बिघडली.

खालच्या खाडीत दहाबारा होड्या नांगरलेल्या होत्या. सकाळी ते आले तेव्हा सगळ्यांची तोंडं गावाकडे होती, हे त्यांनी पाहिलं होतं. पाहिलेलं ते विसरत नसत. आता त्यांच्या डोळ्यांदेखत एक होडी हळूच वळली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग पुढच्या दोन. कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. पाणी आत येत होतं. खाडीच्या तोंडापासून एक लांब, चकाकती घडी आत सरकत होती, वाळूचे दांडे एकेक करून बुडत होते, बगळे उठून मागे बसत होते, पुन्हा उठत होते. अख्खी खाडी श्वास घेतल्यासारखी वर येत होती. चौतीस वर्षं पाणी बघितलेला हा माणूस तटावर तोंड उघडं टाकून बसला. किती वेळ बसला हे त्याला घड्याळ बघेपर्यंत कळलं नाही.

आठ वाजून बावीस मिनिटं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांची वेळ चुकली होती. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने उतरू नये तशा वेगाने ते किल्ला उतरले. धक्क्यावरून प्रतिभाताई ओरडत होत्या, "अहो पावनं! तुमची पिशवी चालली!"

पंधरावी पायरी नव्हतीच. चौदावी ओली होत होती. पिशवी वीस हातांवर, फुगून, झुलत झुलत आत गावाकडे निघाली होती. एका होडीवाल्याने बांबूने ओढून ती दिली. फोन मेला होता. लाडवांचा लगदा झाला होता. नोंदवही उघडली तर पहिल्या पानावर एक मोठा निळा डाग होता, बाकी काही नाही.

भालचंद्रराव पायरीवर मटकन बसले. शालिनीने एक काम सांगितलं होतं. बेचाळीस वर्षांत एक.

"तळ्यातलं पानी वाटलं काय तुम्हाला?" प्रतिभाताई चहा घेऊन आल्या.

"हो ना," ते म्हणाले. "तलावाचंच वाटलं. तासाला एक पायरी धरली मी."

"पयल्या तासाला एकच चढतं. मग जोर धरतं, मधल्या दोन तासांत धावत सुटतं, शेवटाला परत दमतं. इकडं पोरंसोरं पन चपला वर काढून ठेवतात." मग त्यांचा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. "नवीन वही घ्या आनि लिहून टाका की. सहाचा नि सातचा आकडा ठाऊक हाय ना तुम्हाला? आठचा अंदाजानं टाका. कोन बघतंय?"

एकोणीस आणि अठरा त्यांना लख्ख आठवत होते. आठचा काढणंही कठीण नव्हतं. शालिनीला कधी कळलं नसतं आणि सगळा दिवस तिला मिळाला असता. चहा निवेपर्यंत ते या गोष्टीचा विचार करत होते, हे कबूल केलं पाहिजे. मग त्यांना अमोल आठवला. दोन दिवसांचे बरोबर आकडे, त्यावर मारलेली लाल रेघ, महिनाभराचा अबोला. त्या पोराला जो नियम लावला तो आज स्वतःला लागू नाही असं कसं म्हणणार? ते दुकानात गेले, पोरांची रेघांची वही घेतली. वर गालफुग्या अस्वलाचं चित्र होतं. रकाने आखले. सहा, नोंद नाही. सात, नोंद नाही. आठ, नोंद नाही. शेऱ्यात लिहिलं, 'वही पाण्यात गेली. चूक वाचणाऱ्याची.' निरंक न लिहिण्याची पाळी अशी आली.

नऊला बारा पायऱ्या कोरड्या होत्या. दहाला आठ. आता ते पायऱ्या सोडून हलले नाहीत. प्रतिभाताईंनी जेवणाचं ताट तिथेच आणून दिलं. अकराला सहा. बाराला पाच.

बाराला पाणी थांबलं. होड्या कुठेच तोंड न करता आडव्यातिडव्या उभ्या राहिल्या आणि दहाएक मिनिटं काहीच हललं नाही. तलावाचं थांबलेलं पाणी त्यांनी हजारो सकाळी पाहिलं होतं. हे थांबणं निराळं होतं, आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यावर क्षणभर उभं राहावं तसं. मग एका होडीचा दोर सैल पडला, पुन्हा ताणला आणि तिने गावाकडे तोंड फिरवलं. पाणी निघालं होतं. भालचंद्ररावांना उगीचच वाईट वाटलं.

दुपारभर चौकीच्या सावलीत बसून ते एकेक पायरी उघडी पडताना बघत राहिले. फोन नव्हता, पेपर नव्हता, बोलायला कोणी नव्हतं. त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या रविवारची ती सकाळ आठवली. बावीस वर्षांची शालिनी तलावाच्या काठी बराच वेळ गप्प बसली होती. आपला तलाव हिला फार आवडला, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. त्यानंतरही ती कितीदा तशी बसायची, हातातलं विणकाम सोडून. ती पाणी हलायची वाट बघत होती, हे त्यांना आज कळलं. जे रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं त्याच्या सोबतीला वाढलेली मुलगी, तिला त्यांनी एका जागी बसलेल्या पाण्यापाशी आणलं आणि वर सांगितलं, पाणी ते पाणी. त्यांना लाज वाटली. तिथे एकटेच होते तरी त्यांनी मान खाली घातली.

सहाला अठरा पायऱ्या कोरड्या झाल्या. सही केली. रात्री प्रतिभाताईंच्या फोनवरून घरी कळवलं, "मी बरा आहे. फोन बंद पडलाय. परवा पोचतो." वहीबद्दल काही बोलले नाहीत.

स्टेशनवर तन्वी आली होती. "बाबा, फोन पाण्यात? तुमचा? तुम्ही तर पाण्याचे एक्सपर्ट ना!" घरी येऊन भालचंद्ररावांनी आधी आमसुलं काढली, मग फणसाची साटं, मग प्रतिभाताईंनी दिलेली कुळथाच्या पिठाची पुडी. शालिनीताई पलंगावर उशीला टेकून हे सगळं शांतपणे बघत होत्या.

"वही," त्या म्हणाल्या.

त्यांनी अस्वलाची वही पुढे केली. शालिनीताईंनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. त्यांचं बोट खालून वर निघालं, संध्याकाळच्या अठरावरून पाचावर, पाचावरून सहा, आठ, बारा, आणि वरच्या तीन ओळींवर येऊन थांबलं. शेराही त्यांनी वाचला.

"चुकलं माझं," भालचंद्रराव म्हणाले. "तुला सगळा दिवस हवा होता. तीन तास मी घालवले. पिशवी तीन पायऱ्या वर ठेवली होती, मला वाटलं..." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. किल्ला, होड्या, आठ बावीस, लाडवांचा लगदा. "होड्या आपल्याआप वळतात गं. मी बघतच बसलो. हे पाणी तसलं नाहीये. मी उगाच बोलत होतो इतकी वर्षं."

शालिनीताईंनी एकदा नाक ओढलं. मग म्हणाल्या, "पेन द्या तुमचं."

त्यांनी दिलं. शालिनीताईंनी पहिल्या 'नोंद नाही'च्या शेजारी सावकाश लिहिलं, एकोणीस. खाली, अठरा.

भालचंद्ररावांच्या अंगावर काटा आला. हे दोन आकडे धुऊन गेले होते आणि त्यांनी ते कोणाला, अगदी प्रतिभाताईंनासुद्धा, सांगितलेले नव्हते. तोवर तिसरा लिहून झाला होता. पंधरा.

"आठचा तर मीही पाहिला नाही," ते म्हणाले. "हा कशावरून?"

"पलीकडच्या शाळेत जायला आठची होडी असायची. पौर्णिमा असली की पंधराव्या पायरीवर उभं राहायचं, होडी तिथे लागायची. चौदावीवर राहिलं तर उडी मारावी लागे आणि सोळावीवर राहिलं तर परकर भिजे. पाच वर्षं उभी राहिले मी."

"म्हणजे तुला सगळं येतंच होतं?" भालचंद्रराव थक्क होऊन म्हणाले. "सगळा दिवस पाठ होता? मग मला कशाला पाठवलंस?"

"मला येत होतं हो," शालिनीताई म्हणाल्या. "तुम्हाला येत नव्हतं."

तन्वी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. चौतीस वर्षांत भालचंद्ररावांनी आपल्या वहीत दुसऱ्याचा एक आकडा राहू दिला नव्हता. त्यांनी पेन घेतलं, तीनही 'नोंद नाही'वर एकेक सरळ रेघ मारली. मग वही फिरवून पुन्हा शालिनीताईंच्या मांडीवर ठेवली आणि सहीच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"इथे सही तुझी पाहिजे," ते म्हणाले. "जागेवर उभं राहून तू पाहिलंयस."

शालिनीताईंनी तीन ओळींवर तीन सह्या केल्या, शालिनी पांढरीपांडे, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. शाई वाळेपर्यंत दोघं वहीवर वाकून बसले होते.